निळे डबे आहेत तोवर: नाशिकरोडहून जुन्या गाड्यांचे फोटो

मुंबईच्या पंचवटी एक्स्प्रेसने अपडाऊन करणाऱ्या कुठल्याही जुन्या पासधारकाला विचारून बघा, गाडीच्या जुन्या निळ्या डब्यांचा एखादा फोटो आहे का म्हणून. मोबाईल काढेल, डब्यातल्या वाढदिवसाचे, केकचे, खंडेनवमीच्या तोरणांचे शंभर फोटो दाखवेल, पण डब्याचा एकही नाही. माझंही तसंच झालं, रोज बसायचो तर फोटो कशाला काढायचा, आणि मग एक दिवस नव्या पद्धतीचे लाल एलएचबी डबे आले आणि पंचवटीचे निळे गेले ते गेलेच.

म्हणून पहिली गोष्ट, इंजिनाच्या मागे लागू नका. इंजिनांचे फोटो ढिगाने मिळतात. खिडकीच्या आडव्या गजांचे, पत्र्याच्या शटरचे, हात लागून लागून रंग उडालेल्या दांड्याचे फोटो कोणी काढत नाही आणि भंगारात सगळ्यात आधी तेच जातं.

डबा किती जुना ते ओळखायला सोपं आहे, बाजूला लिहिलेल्या नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं साल. ९८ ने सुरू झाला की १९९८ चा. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यातून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे तिथला निळा डबा दिसला तर तो त्याच्या आधीचाच. दोन डब्यांच्या मध्ये गोल बफर आणि स्क्रूची साखळी दिसली की जुना, एलएचबीला ते बफर नसतात. हा सांधा जवळून काढा, पण प्लॅटफॉर्मवर उभं राहून, गाडी थांबलेली असताना, वाकून नाही.

आता उजेड. आपली लाईन साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते, म्हणून सकाळी गाडीची पूर्व-दक्षिणेकडची बाजू उजळते, आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेलाच असतो तेव्हा त्याच बाजूला उभं राहायचं, दुसऱ्या बाजूने काढलं तर नुसती काळी सावली येते. पंचवटी नाशिकरोडला सातच्या आसपास असते आणि जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो, त्यामुळे तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. मे महिन्यात त्याच वेळेला मस्त पिवळं ऊन असतं. मला स्वतःला जानेवारीच आवडतो, स्वेटर-कानटोपीतली गर्दी, चहाच्या वाफा, डब्यातल्या ट्यूबलाईटी, गाडी रोजची चाकरमान्यांची वाटते.

पळत्या गाडीला शटरचा वेग किती ठेवायचा हे सगळे विचारतात. हिशोब करा ना, ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर, १/५०० सेकंदाला गाडी साडेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे नंबर पुसट येणार. १/१००० च्या खाली जाऊ नका. पण एलईडीचा बोर्ड असलेली गाडी असेल तर उलटं, वेगवान शटरला अक्षरं अर्धीच येतात, म्हणून गाडी थांबल्यावर १/१०० च्या आसपास बोर्डाचा वेगळा फोटो घ्या. मोबाईलवाल्यांनी स्क्रीनवर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करायचं, बर्स्ट लावायचा, म्हणजे एकापाठोपाठ फोटो निघतात, आणि डिजिटल झूम विसरायचा. आणि घरून निघतानाच स्टोरेज मोकळं करा! कसाऱ्याला समोरून बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिन, येत होतं आणि माझ्या फोनने सांगितलं जागा नाही, मी तिथे उभं राहून लग्नातले व्हिडिओ डिलीट करत बसलो तोवर गाडी बोगद्यात.

कसाऱ्याला जायलाच हवं, एक पूर्ण दिवस काढा. थळ घाटाचा चढ ३७ ला १, म्हणून नाशिककडे येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यात मागून बँकर लागतात आणि इगतपुरीला सुटतात. लावताना माणूस दोन गाड्यांच्या मध्ये जाऊन जोडणी करतो ते बघण्यासारखं असतं, पण त्याला पोज द्यायला सांगू नका, त्याचं काम जोखमीचं आहे. शिवाय कसाऱ्याला लोकल मिळतात, उघड्या दाराच्या. त्यात २००७ पासून मुंबईत धावू लागलेल्या सिमेन्सच्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल दिसल्या तर सोडू नका, हळूहळू बंद दाराच्या एसी लोकल वाढत चालल्यात, दारात लटकणारी माणसं पुढे फोटोतच उरतील. पहाटेच्या लोकलमध्ये हँडल एकाच लयीत डोलतात, ते १/१५ ला सीटच्या पाठीला टेकवून काढा.

पावसाळ्यात इगतपुरीला कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, रबर बँड आणि सुकं फडकं. एसी डब्यातून उतरलात की लेन्सवर वाफ येते, दहा मिनिटं थांबा, पुसत बसू नका, तेवढ्यात वडापाव खा.

मेमूने, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजरने, निफाड-लासलगावकडे निघालात तर थंडीत निफाडला धुकं मिळतं आणि द्राक्षबागा, पण बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात गरम ठेवा. जुनं-नवं एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर वंदे भारतची वेळ पकडा, मुंबई-शिर्डी फेब्रुवारी २०२३ पासून इथूनच जाते. दुसऱ्या प्लॅटफॉर्मला निळा डबा उभा असेल आणि मधून ती पांढरी निघाली तर बघायलाच नको. नाशिकरोड स्टेशनही आता बदलतंय, २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालूत, तेव्हा जुना जिना, जुनी पाटी, बाकडं हे पण आत्ताच टिपा.

नियम वगैरे: प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं, दोन तास चालतं, खिशात ठेवा. रुळात उतरायचं नाही, कायद्याच्या कलम १४७ ने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड होऊ शकतो, आणि फोटोसाठी जीव घालवणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. पुलावरून मोनोपॉड किंवा सेल्फी स्टिक खाली धरू नका, तारेत २५,००० व्होल्ट असतात, स्पर्श न करताही झटका बसतो. पोलीस विचारायला आले तर कॅमेरा लपवू नका, सरळ दाखवा, छंद आहे म्हणून सांगा, नाही म्हणाले तर बॅग भरून चालू पडा. देवळालीला लष्कराचा भाग आहे, तिकडे कॅमेरा वळवायचाच नाही. आणि पासधारकांचे चेहरे विचारून काढा, बायकांच्या डब्याकडे लेन्स नकोच.

माझ्या शेकडो फोटोंवर तारीख आहे पण डबा कुठला, गाडी अप (मुंबईकडे जाणारी) की डाऊन, काहीच नाही, आता आठवत बसतो. म्हणून डब्याचा नंबर, स्टेशन, गाडीचं नाव त्याच दिवशी लिहा. कसाऱ्याहून गाडी चुकली तर स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्स्या असतात, सीट भरल्याशिवाय हलत नाहीत, तेवढ्या वेळात निम्म्या फोटोंची नावं लिहून होतात.