सेहेचाळिसावी, सातवी, दुसरी

ऑफिस महापेला, घर ठाण्यात वर्तकनगरला. अकाउंट्समध्ये नव्याने लागलेली पोरं संध्याकाळी घणसोली स्टेशनवर गाठतात आणि विचारतात, "ताई, तुम्ही ती पोकरची स्पर्धा जिंकलात म्हणे. आम्हालाही शिकवा ना." घणसोली ते ठाणे ट्रान्स-हार्बरने जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, त्यातली निम्मी दारातून आत सरकण्यात जातात. तेवढ्यात ब्लाइंड म्हणजे काय (पत्ते बघायच्या आधीच दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स) एवढंही सांगून होत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

आधी वाईट बातमी. मी जिंकले ते २०२२ साली. आज भारतात ऑनलाइन पोकर पैसे लावून खेळायची सोय उरलेली नाही. ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वादच त्याने बाजूला ठेवला आणि पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण म्हणून व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जाऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जाणार कुठे? शिकायला फुकट चिप्सची टेबलं पुष्कळ आहेत. खाली मी जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक तिथेही चालतं.

पत्ते मी नौपाड्यात आजीकडे शिकले. मे महिन्यात झब्बू आणि बदाम सात, जरा अक्कल आल्यावर पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट. त्याचा उपयोग झाला का? थोडा. पडलेले पत्ते लक्षात ठेवायची सवय लागली. पण मेंढीकोटात हातातले सगळे पत्ते खेळावेच लागतात. पोकरमध्ये बहुतेक वेळा ते टाकून द्यायचे असतात. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. हातात दोनच पत्ते येतात (आणखी पाच टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात), आणि त्या दोनांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. म्हणजे उरलेल्या २२० डावांत काय करायचं, हाच खरा अभ्यास.

मी २०१९ मध्ये सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. हिशेबनीस बाईचा स्वभाव, दुसरं काय. तारीख, प्रवेश फी, कितवी आले, कुठल्या डावात बाद झाले. नव्या माणसाने पुस्तकं नंतर वाचावीत, वही आधी घालावी. कारण आपण का हरलो हे आपल्याला आठवतं ते जवळजवळ नेहमीच चुकीचं असतं. मला वाटायचं, माझं नशीब शेवटाला दगा देतं. वही उघडल्यावर दिसलं की मी शेवटाला एकच घोळ वेगवेगळ्या कपड्यांत करते आहे.

पहिला मोठा हुकलेला डाव लॉकडाऊनमधला. बक्षिसं ४५ जणांना, उरलेलो आम्ही ४६. याला बबल म्हणतात. माझा स्टॅक, म्हणजे उरलेल्या चिप्स, वीसेक बिग ब्लाइंडचा (दोन ब्लाइंडपैकी मोठा तो बिग), बरा. बटनवरच्या (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरच्या) मोठ्या स्टॅकवाल्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि मी नव्व्यांची जोडी घेऊन कॉल केला, म्हणजे माझ्याही सगळ्या लावल्या. त्याच्याकडे एक्का-राणी. शंभरातले पंचावन्न वेळा मी जिंकते. टेबलावर राणी पडली. सेहेचाळिसावी.

कितीतरी दिवस मी हा किस्सा "काय नशीब" म्हणून सांगत होते. खरी गोष्ट अशी की त्याच वेळी दोन खेळाडूंकडे दोन ब्लाइंडसुद्धा उरलेले नव्हते. ते चार-पाच मिनिटांत जाणारच होते. मला फक्त पत्ते टाकून बसायचं होतं.

इथे जरा थांबते, कारण नव्यांना हे सगळ्यात उशिरा कळतं. स्पर्धेतल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. जी स्पर्धा मी पुढे जिंकले तिचंच घ्या. ४०० जण, प्रत्येकी ५५० रुपये, त्यातले ५० साइटचे. म्हणजे बक्षिसांचा गल्ला दोन लाखांचा. जिंकणाऱ्याच्या हातात शेवटी सगळ्याच्या सगळ्या चिप्स असतात, पण बक्षीस ३८ हजारच, म्हणजे १९ टक्के. बाकीचं आधी बाद झालेल्यांमध्ये वाटलेलं. याचा अर्थ चिप्स दुप्पट झाल्या तरी त्यांची किंमत दुप्पट होत नाही. गेल्या तर मात्र पूर्ण जातात. पोकरवाले याला आयसीएम म्हणतात. त्याचं गणित करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण एवढं कळलं तरी बबलवर हात आखडतो. शिवाय कॉल करणाऱ्याला जिंकायचा एकच रस्ता असतो, त्याचे पत्ते सरस ठरायला हवेत. आधी ऑल-इन करणाऱ्याला दोन असतात. समोरचा घाबरून पत्ते टाकतो तो दुसरा. त्याच नव्व्या घेऊन मी आधी ऑल-इन केलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मग मी शहाणी झाले आणि दुसरी चूक केली. नऊ जणांच्या फायनल टेबलवर चौदा ब्लाइंड घेऊन पोहोचले आणि गोगलगायीसारखी आत शिरून बसले. एकेक जण बाद होतोय, आपली पायरी वाढतेय, छान चाललंय. प्रत्यक्षात दर फेरीला ब्लाइंड आणि अँटे (ब्लाइंडशिवाय सक्तीने भरायच्या आणखी थोड्या चिप्स) मला कुरतडत होते. तीन ब्लाइंड उरल्यावर एक्का-गुलाम आले आणि मी ऑल-इन केलं, तर दोघांनी हसत कॉल केला असणार. तीन ब्लाइंडच्या धमकीला कोण भितो? सातवी.

दहा-बारा ब्लाइंडवर आलात की रेज करून (थोड्या चिप्स वाढवून) वाट पाहायची चैन संपते. एक तर ऑल-इन, नाही तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं. टेबलावर दोन्ही ब्लाइंड आणि अँटे मिळून साधारण अडीच बिग ब्लाइंड पडलेले असतात. कुणीच कॉल केलं नाही तर दहाचे साडेबारा होतात, तेही एक पत्ता न दाखवता. कुठल्या जागेवरून कुठले पत्ते ऑल-इन करायचे याचे तक्ते मिळतात. मी ते छापून स्वयंपाकघरातल्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. सासूबाईंना वाटलं डाएटचा तक्ता आहे.

मधे एकदा पावसात लाइट गेली, बारा जण उरलेले असताना. राउटरला बॅकअप घेतला, विषय संपला.

तिसरी वेळ दुसऱ्या क्रमांकाची. समोर एकच खेळाडू, माझ्याकडे राजांची जोडी, त्याच्याकडे एक्का-पंजी. सगळ्या चिप्स मधे. दहातले सात वेळा मी जिंकते. फ्लॉपवरच, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांतच, एक्का आला. इथे मी काहीही चुकले नव्हते. चूक पुढच्या पाऊण तासात झाली. रात्री पावणेएकला मी २,२०० रुपयांची स्पर्धा उघडली, वीस मिनिटांत बाद झाले, पुन्हा तीच उघडली, पुन्हा बाद. पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात, आपण डोकं सटकलं म्हणतो. वहीत त्या पानावर मी लाल पेनाने लिहिलं: मोठ्या डावानंतर, जिंको वा हरो, त्या रात्री दुसरं टेबल नाही. हा नियम मी आजवर मोडलेला नाही. माझ्या मते वरचं सगळं गणित एकीकडे आणि हा एकीकडे.

ऑगस्ट २०२२, शनिवार, रात्री नऊला सुरू. बबलवर दश्श्यांची जोडी आली आणि समोरून मोठ्या स्टॅकचं ऑल-इन. टाकली. त्याच्याकडे काय होतं ते कधीच कळलं नाही; पोकरमध्ये शहाणपणाची पावती मिळत नाही. फायनल टेबलवर अकरा ब्लाइंड होते. तक्त्याप्रमाणे पाच वेळा ऑल-इन केलं, चार वेळा सगळ्यांनी पत्ते टाकले, एकदा कॉल झाला आणि निभावलं.

दोघे उरलो तेव्हा माझ्याकडे आठ ब्लाइंड. राजा-सत्ती आली, ऑल-इन. त्याने एक्का-नव्वी घेऊन कॉल केलं. म्हणजे मी मागे. शंभरातले चौसष्टेक वेळा मी तिथेच दुसरी येते आणि हा लेख लिहीत नाही. रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला, सत्ती पडली. पुढची पंधरा मिनिटं फारसं काही घडलं नाही; त्याचा धीर गेलेला दिसत होता, आणि ती भावना माझ्या ओळखीची होती. पावणेतीनला स्क्रीनवर माझं नाव पहिलं आलं.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. "संपलं का गं तुझं पत्त्यांचं?"

"आई, जिंकले. अडतीस हजार."

"बरं झालं. गॅलरीतली दोरी आत घे, पाऊस येतोय."

आता पैशांचं, कारण पोरांचे डोळे इथेच चमकतात. कुणीतरी क्रिस मनीमेकरचं नाव घेतंच. तोही आमच्यासारखाच अकाउंटंट. शंभर डॉलरपेक्षा कमी खर्चून ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून शिरला आणि २००३ मध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजचे २५ लाख डॉलर घेऊन गेला. माझं गणित ऐका. तोवर १३१ स्पर्धांची फी ५१,४०० रुपये. आधीची किरकोळ बक्षिसं २९,९००. म्हणजे साडेएकवीस हजार खड्ड्यात. ३८ हजारांवर ३० टक्के टीडीएस कापून साडेसव्वीस हजारांच्या थोडं वर हातात आले. झाला पाच हजारांचा नफा, तीन वर्षांत. पण थांबा. किरकोळ बक्षिसांवर टीडीएस नव्हता, कर मात्र तितकाच होता, आणि हरलेली फी त्यातून वजा करायला कायदा देत नाही. प्रामाणिकपणे रिटर्न भरल्यावर, सेस धरून, नफ्याचा साडेचार हजारांच्या आसपास तोटा झाला. नवऱ्याने ते कागद पाहिले आणि म्हणाला, "अगं, अजून एकदा जिंकलीस तर आपण बुडू."

पुढे हे आणखी अवघड होत गेलं. एप्रिल २०२३ पासून टीडीएसचा १० हजारांचा उंबरठा गेला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. शंभर रुपये टाकले की खेळायला अठ्ठ्याहत्तर उरायचे. त्यामुळे "करिअर म्हणून कसं आहे" या प्रश्नाला माझं उत्तर बंदीच्या आधीपासून तेच आहे. महापेची नोकरी सोडू नका.

आता शनिवारी आमच्याकडे पाच-सहा जण जमतो. पैसे नाहीत, चिंचोके. प्रत्येकाला पन्नास, ब्लाइंड दर वीस मिनिटांनी दुप्पट. शिकायचं असेल तर या, येताना वही आणा. सासूबाईंनाही हल्ली बसवतो. त्या कुठल्याही ऑल-इनला कॉल करतात, बबल-बिबल मानत नाहीत, आणि बाद झाल्यावर चिंचोके मोजून परत डब्यात भरून स्वयंपाकघरात नेतात, मग आमचा खेळ अर्धा राहिला तरी.