ब्रिटिश पद्धतीचा चहा कसा करायचा: शिजवायचा नाही, भिजवायचा

इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी शेअरिंगच्या घरातल्या इलेक्ट्रिक केटलमध्ये पाणी, दूध, साखर, चहा पावडर आणि किसलेलं आलं असं सगळं एकदम घातलं आणि बटण दाबलं. माझा हिशोब साधा होता, पातेलं सापडत नाहीये, केटलमध्ये उकळतं, मग चहाही उकळेल की. दूध वर आलं, झाकण उचललं, चोचीतून ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्या मोज्यांवर. घरातला एक यॉर्कशरचा मुलगा धावत आला, त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि त्या सगळ्या पसाऱ्याकडे बघून पहिला प्रश्न काय विचारला, तर "तू चहा उकळत होतीस?" केटल गेली त्याचं त्याला काहीच नाही, चहा उकळला याचा धक्का.

त्या संध्याकाळी त्याने मला जे शिकवलं आणि नंतर तिथे राहून मी जे चुकत चुकत शिकले ते इथे लिहितेय. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जाईल, आपला चहा शिजतो, त्यांचा भिजतो. आपल्याकडे गॅस काम करतो, तिथे पाणी आणि घड्याळ. म्हणून त्यांचा चहा बिघडतो तेव्हा तो जास्त करून घाईमुळे बिघडतो.

चहा कुठला घ्यायचा

तिथला रोजचा चहा म्हणजे काळा, कडक, दुधाला पुरून उरणारा. आसाम, केनिया, सिलोन असं मिश्रण असतं, पाकिटावर बऱ्याचदा इंग्लिश ब्रेकफास्ट लिहिलेलं असतं पण तो दिवसभर पितात, नाश्त्याशी काही देणंघेणं नाही. दार्जिलिंग यासाठी घेऊ नका, इतका नाजूक चहा दुधात बुडवणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं.

आता भारतात करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट जी कुणी सांगत नाही. तिथल्या टी बॅगमध्ये साधारण ३ ग्रॅम चहा असतो, बॅगला दोरा नाही, कागदाची चिठ्ठी नाही, नुसती चौकोनी नाहीतर गोल पुडी. आपल्याकडच्या दोरावाल्या बॅगमध्ये २ ग्रॅमच्या आसपास असतो. आणि तिथला मग असतो चांगला पाव लिटरचा. म्हणजे आपली एक बॅग मोठ्या मगात टाकली की जे होतं ते गढूळ पाणी, आणि मग आपण म्हणतो इंग्रजांना चहा कळत नाही. एकतर कप छोटा घ्या नाहीतर दोन बॅगा टाका.

बॅग नसेल तरी अडत नाही, घरातली रोजची दाणेदार पावडर चालते, फक्त वेलची-मसाला घातलेली नको. हे दाणे ज्या मशीनमधून निघतात ते सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल, म्हणजे पान चिरडून, फाडून, गुंडाळणारं) मशीनच मुळात १९३० च्या सुमारास आसामच्या मळ्यात तयार झालं आणि ब्रिटिश टी बॅगमध्ये भरपूर प्रमाणात हाच माल असतो, म्हणजे तुमच्या डब्यातला चहा त्यांच्या मगातल्या चहाचा सख्खा भाऊ आहे. एका कपाला एक सपाट चमचा पुरे.

पाणी

नळाचं ताजं पाणी घ्यायचं आणि खळखळ उकळवायचं. केटलमध्ये आधीचं उरलेलं पाणी परत उकळू नये म्हणतात, त्यातला ऑक्सिजन जातो म्हणून. मला आजतागायत फरक कळलेला नाही, पण तिथे कोणासमोर तसं केलंत तर बघतात म्हणून मी ओतून देते. फरक कुठे पडतो तर तापमानात. पाणी उकळल्यावर "जरा थांबू, कप शोधू" असं केलंत की गेलं, काळ्या चहाला उकळतं पाणीच लागतं. विमानातला चहा नेहमी पुचाट का लागतो, तर केबिनमधला हवेचा दाब उंच डोंगरावर असतो तितका कमी असतो आणि तिथे पाणी १०० डिग्रीच्या बरंच आधी उकळायला लागतं. आपल्याला महाबळेश्वरला थोडंसं हेच होतं, पण तिथे आपण चहा धडाधड उकळतो म्हणून जाणवत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये पाणी गरम करू नका. तसं केलं तर जीव जात नाही, पण पाणी एकसारखं तापत नाही आणि उकळी आली की नाही हेही कळत नाही.

केटलवरून आठवलं, तिथल्या केटल ३ किलोवॉटच्या असतात, आपल्या बहुतेक दीडच्या, म्हणून आपलं पाणी उकळायला दुप्पट वेळ लागतो, केटल खराब नाहीये. आणि अख्ख्या देशाने एकदम बटण दाबलं तर काय होतं ते ४ जुलै १९९० ला दिसलं, वर्ल्ड कप फुटबॉलची इंग्लंड-पश्चिम जर्मनी सेमीफायनल पेनल्टीवर संपली, इंग्लंड हरलं, लोक उठून चहा ठेवायला गेले आणि विजेची मागणी एकदम २८०० मेगावॉटने वर गेली. आपला कोयना प्रकल्प सगळे टप्पे धरून १९६० मेगावॉटचा आहे, म्हणजे एका हरलेल्या मॅचच्या दुःखाला एक कोयना पुरली नसती. त्यांच्याकडे वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात एक जलविद्युत केंद्र आहे, काही सेकंदांत पूर्ण ताकदीने चालू होणारं, ते अशा वेळी कामाला येतं.

टीपॉटमध्ये करायचा तर

एकट्यासाठी मगात बॅग, हे तिथे घरोघरी चालतं, त्यात कमीपणा काही नाही. पण दोन-चार माणसं असली की टीपॉट काढा. आधी पॉटमध्ये थोडं उकळतं पाणी घालायचं, गोल फिरवायचं, फेकून द्यायचं. ही पायरी मला आधी नुसता नखरा वाटायची, पण थंडगार चिनीमातीत पाणी ओतलं की ती माती पहिल्याच मिनिटाला पाण्याची उष्णता खाऊन टाकते, तिथल्या जानेवारीत तर विचारूच नका.

मग पॉटमध्ये चहा, माणशी एक चमचा. जुने लोक "आणि एक चमचा पॉटचा" असं म्हणून वरती एक जास्त घालतात. तो मोठ्या पानांच्या चहाला ठीक आहे, आपल्या दाणेदार पावडरला हा दानधर्म केलात तर तोंड कडू होईल. वरून उकळतं पाणी, एकदा ढवळायचं, झाकण, आणि पॉटला लोकरीचं टोपडं. हो, टीपॉटला टोपडं घालतात, बाळासारखं, दोन बाजूंनी कान आणि चोच बाहेर. नसेल तर जाड टॉवेल गुंडाळा.

आता हात लावायचा नाही

इथे आपण मराठी माणसं हमखास माती खातो. बॅग पाण्यात टाकली, रंग आला, की आपल्याला वाटतं झालं, आणि आपण दोऱ्याला धरून वरखाली, वरखाली, गणपतीच्या पाटासारखी बॅग बुडवत बसतो. रंग अर्ध्या मिनिटात येतो, चव येत नाही. बॅगेला आणि दाणेदार पावडरला तीन मिनिटं, कडक हवा असेल तर चार, मोठ्या पानांना चार ते पाच. मोबाईलवर टायमर लावा, खरंच लावा, कारण वाट बघताना तीन मिनिटं फार लांबतात. त्यापुढे मात्र चहा तुरट व्हायला लागतो, तिथे त्याला चहा फार मुरला म्हणतात आणि ते कौतुक नसतं.

ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने १९८० मध्ये चहा करण्याचं चक्क मानक काढलं, बीएस ६००८ नावाचं, सहा पानांचं, आणि त्यावर त्यांना १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवणारं नोबेल. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं असं आहे. पण ते वाचून तसा करायला जाऊ नका, ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, दोन चहांची तुलना एकसारखी व्हावी म्हणून. मी एका रविवारी करून पाहिला, पाव लिटरला ५ ग्रॅम, आणि संध्याकाळपर्यंत जीभ चामड्याची झाली होती.

बॅग काढताना चमच्याने मगाच्या कडेला एकदाच हलकं दाबायची. बोटांनी पिळून शेवटचा थेंब काढू नका, त्या थेंबात कडूपणाच जास्त असतो.

दूध, आणि दुधावरून भांडण

दूध थंड, फ्रिजमधलं. आपल्याला हे फार जड जातं, गरम चहात थंड दूध म्हणजे अपशकुनच, पण इथे दूध तीस मिलिलिटरच्या वर जात नाही त्यामुळे चहा थंड होत नाही, उलट पिण्याजोगा होतो. तिथे दुकानात बाटलीवरच्या लेबलच्या रंगावरून दूध ओळखतात, निळं सायीचं, हिरवं अर्ध्या सायीचं, लाल बिनसायीचं, आणि चहाला बहुतेक घरी हिरवं. भारतात गाईचं किंवा टोन्ड दूध घ्या, तापवून पूर्ण गार केलेलं, आणि साय गाळून, नाहीतर ती वर तरंगते आणि पहिल्या घोटाला ओठाला चिकटते. म्हशीचं घट्ट दूध घातलंत तर दोन चमच्यांत आपला नेहमीचा चहा होतो आणि तोही अर्धवट.

दूध आधी की नंतर, यावर तिथे घरं फुटतात. टीपॉटमधून ओतत असाल तर कपात दूध आधी घाला नाहीतर नंतर, मी भांडणार नाही. २००३ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने आधी म्हणून सांगितलं होतं, कारण उकळत्या चहात दुधाचा थेंब पडला की तो एकदम तापून त्यातली प्रथिनं बिघडतात. पण मगात बॅग असेल तर दूध नंतरच, बॅग काढल्यावरच, यात चर्चा नाही. आधी दूध घातलं की पाण्याचं तापमान पडतं, चहा नीट उतरतच नाही, आणि हाती येतं फिकट बदामी काहीतरी.

किती घालायचं ते मापाने नाही, रंगाने. चमचाभर ओता आणि थांबा. दूध आधी खाली बुडतं, मग तळातून ढगासारखं वर फुलत येतं, ते पूर्ण वर येऊन पसरेपर्यंत पुढचं ओतायचं नाही, कारण त्या क्षणी चहा जितका काळा दिसतो तितका तो नसतो. ढवळा, मग बघा. कोल्हापुरी गुळाच्या ढेपेचा रंग आला की थांबा. त्याहून गडद, भाजलेल्या विटेसारखा, म्हणजे बिल्डर्स टी, बांधकामावरच्या लोकांचा, भरपूर साखरेचा, आणि माझ्या मते तिथला सगळ्यात चांगला चहा तोच. दूध-पाण्यासारखा पांढरट केलात तर समोरचा काही बोलणार नाही, थँक यू म्हणेल आणि मग तसाच टेबलावर राहील.

साखर शेवटी, आणि विचारून. तिथे सैन्यातल्या बोलीत दूध आणि दोन चमचे साखरेच्या चहाला नाटो स्टँडर्ड म्हणतात.

पाजायचा कसा

ऑफिसमध्ये एकट्याने उठून स्वतःपुरता चहा करून आणणं हे तिथे अतिशय वाईट दिसतं. उठलात की सगळ्यांना विचारायचं, लीड्सकडे "ब्रू?", म्हणजे चहा घेणार का, एवढंच म्हणतात, आणि मग आठ जणांचे आठ प्रकार लक्षात ठेवायचे. मी पहिले दोन महिने हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून न्यायचे, केटलच्या वाफेने ते पुसलं जायचं, आणि एकदा बिनसाखरेच्या माणसाला तीन चमचे गेले.

सोबत बिस्किट. बुडवून खाणं अगदी चालतं, आपण पार्लेजी बुडवतो तसंच ते डायजेस्टिव्ह बुडवतात आणि तुटून खाली गेलं की तसंच चमच्याने शोधतात. एक गोष्ट मात्र आपण उलटी धरून बसलोय, आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेत "त्यानंतर हाय टी" लिहितात, म्हणजे काहीतरी उंची. तिथे हाय टी हे कामगार वर्गाचं संध्याकाळचं पोटभर गरम जेवण. स्कोन म्हणजे छोटे जाडसर पाव, क्रीम, छोटी सँडविचेस असा थाट असतो तो आफ्टरनून टी.

बाय द वे, चहाचं हे वेड दरबारात फॅशनेबल करण्यात जिचा मोठा हात मानतात ती कॅथरीन ऑफ ब्रगान्झा, पोर्तुगालची राजकन्या, १६६२ मध्ये इंग्लंडच्या राजाशी, दुसऱ्या चार्ल्सशी, लग्न करून तिथे गेली. हीच ती, जिच्या हुंड्यात आपली मुंबई गेली. तेव्हाचा चहा चीनचा होता, आसामचा पहिला माल लंडनला लिलावात विकला गेला तो १८३९ मध्ये.

शेवटचं, केटल आणि कप

चहावर तेलकट तवंग आला तर दूध नासलंय असं समजून फेकू नका, मी लंडनजवळच्या स्लाउला राहायला गेल्यावर आठवडाभर फेकलं. पाणी जड असलं की त्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो थर होतो, लंडनच्या बाजूला हे रोजचं आहे, पुण्या-मुंबईत बोअरचं पाणी असेल तर तुमच्याकडेही दिसेल. फिल्टरचं पाणी वापरलं की जातो. केटलच्या तळाला पांढरा थर धरला असेल तर अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर घालून उकळा, तासभर ठेवा, ओतून द्या, आणि नंतर दोनदा नुसतं पाणी उकळून फेका. दोनदा. एकदाच केलंत तर पुढच्या चहाला लोणच्याचा वास येतो.