जावात तारीख छापायची असेल तर टेस्टला ३१ डिसेंबर घ्या

जावा या प्रोग्रामिंग भाषेतला तारखेचा कोड पहिल्या दिवशी बहुतेक बरोबरच चालतो. बोंब उठते ती काही महिन्यांनी. तारीख कशी छापायची ते इंग्रजी अक्षरांनी सांगणारा नमुना म्हणजे पॅटर्न; त्यातल्या स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांचे अर्थ वेगळे आहेत, पण चुकीचं अक्षरही कित्येकदा योग्य तोच आकडा छापतं.

सगळ्यात बेरकी कॅपिटल डी. स्मॉल डी म्हणजे महिन्यातला दिवस, कॅपिटल डी म्हणजे वर्षातला. जानेवारीभर दोन्ही सारखेच, त्यामुळे टेस्ट पास, रिव्ह्यूही पास. १ फेब्रुवारीला ‘३२’ तारीख उगवते. तिकडेही कुणाचं लक्ष गेलं नाही, तर जावा ८ मध्ये, लीप वर्ष नसताना, १० एप्रिलला डेटटाइमफॉरमॅटर हा तारीख छापणारा क्लास थेट एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. तो वर्षाचा शंभरावा दिवस, आणि दोन डींच्या जागेत तीन आकडे मावत नाहीत.

स्मॉल वाय नेहमीचं वर्ष देतो, कॅपिटल वाय आठवड्यांच्या हिशेबाचं. ३१ डिसेंबर २०२५ चा आठवडा २०२६ चा पहिला धरला जातो, म्हणून छापून येतं ३१-१२-२०२६. कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. दहा वाजून सात मिनिटांनी कोड चालवलात तर जुलै आहे असंच वाटेल. स्मॉल एच बारा तासांचं घड्याळ, सोबत एएम-पीएम छापणारा स्मॉल ए नसेल तर सकाळ-रात्र कळत नाही.

म्हणून टेस्टला ३१ डिसेंबर २०२५, रात्री २३:४५ हीच वेळ द्या. वरच्या चारही चुका एका फटक्यात उघड्या पडतात.

टाइमझोन मात्र यात सापडत नाही. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. त्यासाठी पहाटे साडेचारची वेगळी टेस्ट हवी, आणि कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट लिहा; ‘आयएसटी’ हे लघुरूप नको, ते इस्रायलचंही असतं.

हेच काम करणारा जुना क्लास सिंपलडेटफॉरमॅट नव्या कोडमध्ये आणूच नका. तो स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच, ठेवून अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) वापरला की तारखा एकमेकींत मिसळतात. डेटटाइमफॉरमॅटरला ही भीती नाही.

उलट दिशेने, म्हणजे मजकुरातून तारीख वाचताना, ३१-०२-२०२५ दिलं तर डीफॉल्ट सेटिंग मुकाट्याने २८ फेब्रुवारी धरतं. रिझॉल्व्हर स्टाइल, म्हणजे तारीख किती काटेकोर तपासायची ती सेटिंग, स्ट्रिक्ट करा. तेव्हा स्मॉल वायऐवजी चार स्मॉल यू लिहायचे, नाहीतर बरोबर तारखाही नाकारल्या जातात.