सॉफ्टवेअर आर्किटेक्चरचे निर्णय टीमकडे सोपवताय? या चुका टाळा

"यापुढे निर्णय तुमचे तुम्ही घ्या," असं जाहीर करून आर्किटेक्ट मोकळा होतो. तीन महिन्यांनी तोच प्रत्येक पुल रिक्वेस्टखाली (कोडमधला बदल सामील करून घ्यायच्या विनंतीखाली) "हे असं का केलं?" विचारत बसलेला दिसतो.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे कोणालाच न विचारणं. नियम एवढाच आहे: निर्णय कोणीही घ्यावा, पण ज्यांना त्याची झळ बसणार आणि ज्यांना त्यातलं कळतं, त्यांना आधी विचारावं. परवानगी नव्हे, सल्ला. उतावळ्यांना पहिलं अर्धं वाक्य तेवढं पाठ होतं.

आमच्या ऑर्डर टीमनं ऑर्डर आयडी आकड्याऐवजी यूयूआयडी (अक्षरं-आकड्यांची लांबलचक, एकमेव ओळख) करायचं ठरवलं. निर्णय तसा बरोबरच होता. पण बिलिंगच्या टेबलात तो कॉलम बिगइंट, म्हणजे फक्त पूर्णांक घेणारा. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय झालं, नवा कोड चालू झाला, आणि बिलिंगचे मेसेज एकामागून एक डेड लेटर क्यूत, म्हणजे प्रक्रिया न होऊ शकलेल्या मेसेजच्या रांगेत, जाऊन पडू लागले. शनिवारी सकाळी कोणाचं तरी लक्ष गेलं. रोलबॅक करून जुन्या कोडवर परत जावं, तर नव्या आयडीच्या ऑर्डरी एव्हाना डेटाबेसात बसलेल्या. सोमवारी टीमनं देखणा एडीआर (आर्किटेक्चरचा एखादा निर्णय, त्यामागची कारणं आणि परिणाम नोंदवणारं छोटं टिपण) लिहून आणला. त्यातल्या 'परिणाम' या भागात बिलिंगचा उल्लेखही नव्हता!

तेव्हापासून मी कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एडीआर 'प्रस्तावित' म्हणून टाकतो. कोणाला विचारलं, ते काय म्हणाले आणि न पटलेला सल्ला का सोडला, हे त्यातच लिहितो. एडीआरची पद्धत लोकप्रिय करणाऱ्या मायकेल नायगार्ड यांच्या २०११ च्या मूळ साच्यात हा भाग नाही, मी घालतो. इतरांच्या एडीआरमध्ये तो रिकामा दिसला की पुढचं वाचत नाही.

दुसरी चूक सीनियर लोकांची. "माझं आपलं मत हं," म्हणायचं आणि मनासारखं झालं नाही की रिव्ह्यू आठवडाभर अडवून धरायचा. असा चोरटा व्हेटो दोनदा अनुभवला की टीम परत परवानगी मागायला लागते. मी माझं मत सगळ्यांत शेवटी आणि लेखीच देतो.

बाकी किरकोळ. जुना एडीआर खोडू नका, नवा लिहून जुन्यावर तशी नोंद करा. उद्या सहज फिरवता येईल अशा गोष्टीला एडीआर लागत नाही. आणि सल्ल्याच्या बैठकीत हात वर करून मतं मोजायला लागलात, तर ती मंजुरी समितीच झाली. मी अशा बैठकीतून उठून जातो.