नागरिकशास्त्राच्या तासाला काल्पनिक देश : नव्या शिक्षकांसाठी

वर्गाकडून काल्पनिक देश उभा करून घेण्याचा उपक्रम बहुतेक वेळा ध्वज आणि राष्ट्रगीतातच संपतो. मुलांना मोकळं सोडलं की ‘सगळं मोफत, सगळे सुखी’ असा देश तयार होतो. जिथे कुणाचं कुणाशी वाकडं नाही, तिथे राज्यघटनेला कामच उरत नाही. म्हणून नकाशा आणि लोकसंख्या तुम्ही ठरवून द्या. नाव आणि ध्वज गृहपाठाला.

लोकसंख्या १०० ठेवा, म्हणजे टक्केवारी आपोआप निघते. ६० सखल भागातले शेतकरी, २५ डोंगरातले, १५ बंदरावरचे. भाषा दोन. नदी एकच आणि तिचा उगम डोंगरात. वर्षाचं उत्पन्न १०० कोटी, मागण्या १६० कोटींच्या. खऱ्या जाती, धर्म, पक्ष यांची नावं येऊ देऊ नका. चर्चा तिथेच अडकते आणि एखादं मूल दुखावतं.

पाच-सहा जणांचा एक गट. घटना १२ कलमांतच बसवायची, नाहीतर पाठ्यपुस्तकातली वाक्यं उतरवली जातात. ‘सर्वांना न्याय मिळेल’ हे कलम धरू नका. न्याय कोण देणार, त्याला कोण नेमणार, निकाल सरकारने पाळला नाही तर काय, हे लिहिलं तरच ते कलम. इथे दोन तास गेले तरी चालतील.

निवडणुकीसाठी १०० मतांच्या चिठ्ठ्या आधीच भरून ठेवा: पाच मतदारसंघ, प्रत्येकी २० मतं, प्रत्येक ठिकाणी तीन पक्षांना ८, ७ आणि ५. आधी भारतातल्या लोकसभेसारखी मोजणी करा. पहिल्या पक्षाला एकूण ४० मतं, पण जागा पाचही! मग त्याच चिठ्ठ्या मतांच्या प्रमाणात मोजा: जागा २, २ आणि १. फळ्यावर दोन्ही निकाल शेजारी मांडा आणि थोडा वेळ काहीच बोलू नका. वर्ग आपणहून वाद घालू लागतो, तो घालू द्या.

पुढचा तास संकटांचा. वेळ कमी पडला म्हणून हा तास गाळू नका. प्रमाणातल्या निकालावर तीन सदस्यांचं आघाडी सरकार बसवा. मग एक चिठ्ठी वाचा: सत्तेतला एक सदस्य विरोधी पक्षात गेला. सरकार पडतं, आणि घटनेत त्याबद्दल ओळही सापडत नाही. मुलं घाईघाईने कलम लिहू लागली की सांगा, भारताच्या मूळ घटनेतही पक्षांतरबंदी नव्हती; ती १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने, दहाव्या अनुसूचीत आली. दुसरी चिठ्ठी दुष्काळाची: उत्पन्न ७० कोटींवर आलं, आणि डोंगरातल्या लोकांनी नदीचं पाणी अडवलं.

एक हुशार मूल सगळं लिहितं आणि बाकीचे बघत बसतात, हे हमखास होतं. त्यासाठी प्रत्येकाला दोन कलमं वाटून द्या आणि गुण त्याच कलमांवर ठेवा: तुझ्या कलमाने कोणतं संकट सुटलं, कोणतं सुटलं नाही, आणि तू त्यात काय दुरुस्ती करशील?