खोक्यावर १२००, हातात ९४: वायफायचा स्पीड कुठं गळतो ते असं शोधा

ताईने २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट) प्लॅन घेतला, नवीन राउटर आणला ज्याच्या खोक्यावर मोठ्ठं एसी१२०० लिहिलेलं, आणि मोबाईलवर स्पीडटेस्ट काही केल्या ९४ च्या पुढं जाईना. "फसवलं ना रे मला?" तर फसवलं असं अगदी नाही म्हणता येणार, पण आधी ते १२०० काय आहे ते बघा. राउटर दोन बँडवर, म्हणजे दोन वेगळ्या रेडिओ पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ३०० आणि ५ चे ८६७, बेरीज ११६७, आणि मग हात सैल सोडून १२००. तुमचा फोन साधारण एका वेळी एकच बँड वापरतो, त्यामुळे ही बेरीज कुणालाच मिळत नाही.

बरं ते ८६७ पण लिंक स्पीड असतो, म्हणजे फोन आणि राउटर हवेत ज्या वेगाने बोलायचं ठरवतात तो. हवा सगळ्यांची एकच, एक बोलतो तेव्हा बाकीचे गप्प, वर प्रत्येक वेळी 'पोचलं' ची पोच, त्यामुळे खरा डेटा जेमतेम निम्मा ते दोन तृतीयांश, तोही राउटरजवळ बसून.

आणि हो, डाउनलोडला १२ दिसतंय म्हणून कस्टमर केअरशी भांडू नका, ते मेगाबाइट असतात आणि प्लॅन मेगाबिटमध्ये, ८ ने गुणा, ९६ होतात, म्हणजे १०० चा प्लॅन असेल तर जवळपास पूर्ण मिळतोय.

आता शोधायचं कसं. सगळ्यात आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करून लॅन केबल थेट राउटरला लावा आणि टेस्ट करा, ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग वायफायचे चॅनल (बँडमधल्या लेन) बदलत बसतात. आकडा ९३-९५ ला येऊन ठप्प होत असेल तर वायफायचा काही संबंधच नाही, कुठलातरी पोर्ट (केबल खोचायची जागा) १०० चा आहे. स्वस्तातल्या बऱ्याच एसी१२०० राउटरना पोर्ट १०० चेच असतात, खोक्याच्या मागे बारीक अक्षरात १०/१०० लिहिलेलं असतं. नाहीतर केबल बघा, गिगाबिटला (म्हणजे १००० ला) आतल्या आठही तारा लागतात, एक जरी तुटली तरी गाडी १०० वर येऊ शकते. ताईकडे पोर्टच निघाला.

केबलवर पूर्ण स्पीड येतोय? मग राउटरपासून दोन-तीन मीटरवर ५ गिगाहर्ट्झला जोडून परत टेस्ट. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये लिंक स्पीड ४३३ च दिसला तर बहुतेक फोनलाच एक अँटेना आहे, राउटर कितीही भारी आणा.

मग बेडरूम. ५ गिगाहर्ट्झला भिंती जड जातात, आणि गोदरेजचं कपाट मध्ये आलं की संपलंच. राउटर टीव्हीमागून, चपलांच्या रॅकमधून काढून उंच, मोकळ्यावर ठेवा. २.४ वापरायचाच असेल तर चॅनल १, ६ किंवा ११, त्यातला शेजाऱ्यांनी कमी भरलेला. साधा रिपीटर (सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा) मी तरी नाही घेणार, तोच रेडिओ ऐकतो आणि तोच पुढं सांगतो म्हणून स्पीड निम्मा होतो, त्यापेक्षा लॅन केबल ओढून जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन तिथं वायफाय देणारा) करून टाका.

ताईने गिगाबिट पोर्टवाला राउटर बदलून घेतला, हॉलमध्ये आता २०० येतात. बेडरूममध्ये अजून ७०, कारण कपाट हलवायला ती तयार नाही.