इंग्लिश गुलाबाची छाटणी मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या मधेच उरका

परतीचा पाऊस ओसरला, सोयाबीनची मळणी उरकत आली की दारातल्या गुलाबांकडे वळायला हरकत नाही. हा सल्ला नेहमीच्या हायब्रीड टी किंवा गावठी गुलाबापेक्षा ‘इंग्लिश गुलाब’, ‘डेव्हिड ऑस्टिन’ अशा नावांनी मिळणाऱ्या झुडपी गुलाबांसाठी आहे. शंभराच्या आसपास पाकळ्यांचं गच्च, वाटीसारखं फूल, मान थोडी झुकलेली आणि जुन्या अत्तराच्या गुलाबाचा वास, अशी त्यांची ओळख. इंग्लंडातल्या श्रॉपशर भागातल्या डेव्हिड ऑस्टिन या शेतकऱ्याच्या मुलाने जुन्या सुगंधी गुलाबांचा आधुनिक गुलाबांशी संकर करून ही जात उभी केली. त्याचं पहिलं वाण, ‘कॉन्स्टन्स स्प्राय’, 1961 मध्ये आलं.

झाड चांगलं आहे, पण त्याच्याबरोबर येणारा सल्ला आपल्या कामाचा नाही. इंग्लंडच्या व्हिडिओत सांगतात की फेब्रुवारीत छाटा, दिवसभर उन्हात लावा, कलमाचा जोड मातीत गाडा. तिकडे थंडीत झाड झोपतं आणि उन्हाळ्यात फुलतं. आपल्याकडे फुलायचे दिवस नोव्हेंबर ते मार्च, आणि मे महिना फक्त तग धरण्याचा. एवढं ध्यानात घेऊन वर्ष आखलं की निम्मी कामं आपोआप जागेवर येतात.

छाटणी

साधारण 10 ते 25 ऑक्टोबर हा काळ धरा, पण तारखेपेक्षा आभाळ बघा. अलीकडे परतीचा पाऊस लांबतोय, आणि ओल्या हवेत केलेल्या कापातून बुरशी शिरून फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. सलग चार-पाच दिवस उघाड मिळाली की मगच कात्री धरा.

हायब्रीड टी गुलाब गुडघ्याखाली आणून चार-पाच डोळ्यांवर छाटायची आपल्या माळ्यांची सवय. इथे तसं करू नका. आपल्या उबदार हवेत इंग्लिश गुलाब आधीच उफाड्याने वाढतो, आणि खोल छाटला की चाबकासारख्या लांब फांद्या फेकतो, फुलं मात्र टोकाला दोन-चार. उंचीचा एक तृतीयांश, फार तर निम्मा भाग काढा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या बुडातून काढा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरपा काप द्या. पाच-सहा फुटांच्या लांब फांद्या असतील तर त्या कापण्याऐवजी हळूहळू वाकवून सुतळीने खुंटीला बांधा. आडवी केलेली फांदी प्रत्येक डोळ्याला फुटते आणि फुलं कितीतरी वाढतात. जागा असेल तर हीच पद्धत मला जास्त पसंत आहे.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद 100 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात आणि कळीचा चुना 100 ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवा आणि मग एकत्र ओता. विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट ताजीच वापरायची. मुळं उघडी करून झाडाला ताण द्यायची जुनी पद्धत या गुलाबाला नकोच.

छाटणीनंतर साधारण पन्नास दिवसांनी पहिला बहर येतो. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेलं झाड डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतं. सुकलेली फुलं खालच्या पाच पानी पानापर्यंत खुडत राहिलात तर जानेवारीअखेर दुसरा बहर मिळतो.

जमीन आणि नवी लागवड

नवी रोपं लावायलाही ऑक्टोबर-नोव्हेंबरच योग्य. खरी अडचण आपल्या काळ्या भारी जमिनीची. नुसता खड्डा खणून त्यात मऊ मिश्रण भरलं तर पावसाळ्यात भोवतालचं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा फूटभर उंचीचा गादीवाफा करा. काळी माती एक भाग, बारीक मुरूम एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग हे प्रमाण चालतं. फक्त मुरूम चुनखडीचा नसावा. दोन झाडांत चार फूट ठेवा. तिकडे याहून जवळ लावतात, पण आपल्याकडे झुडूप जास्त पसरतं.

डोळा भरलेला जोड मातीच्या दोन-तीन इंच वर राहू द्या. तिकडे तो गाडतात ते गोठणाऱ्या थंडीपासून वाचवायला, आणि ती भीती आपल्याला नाही. जोडाखालून येणारी खुंटाची, म्हणजे ज्यावर डोळा भरला त्या मूळ झाडाची, फूट मात्र दिसताक्षणी मुळाजवळून ओढून काढा, नाहीतर दोन वर्षांत खुंटच झाड होऊन बसतो. जागा घराच्या पूर्वेची निवडा. सकाळचं पाच-सहा तास ऊन पुरे, दुपारी भिंतीची किंवा कडुनिंबाची सावली पडली तर उत्तमच. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून अजिबात लावू नका.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती नत्राची कमतरता समजून युरिया टाकू नका. आपल्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह मुळाशी द्या. ईडीटीए प्रकारातलं स्वस्त पडतं, पण अशा जमिनीत टिकत नाही. मल्टिफ्लोरा जातीच्या खुंटावरची रोपं या पिवळेपणाला लवकर बळी पडतात, म्हणून घेताना खुंट कोणता ते विचारा. हाडांच्या खताचं सगळीकडे कौतुक असलं तरी सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या जमिनीत त्यातलं स्फुरद झाडाला फारसं मिळत नाही. ते पैसे शेणखत आणि निंबोळी पेंडीवर घाला. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात माती आणि बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढत असेल तर पाणी खारट आहे. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी तर गुलाबाला मुळीच घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

किती झाडं?

जमिनीतल्या मोठ्या झाडाला एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड दहा लिटर तरी पाणी लागतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून पन्नास रोपं मागवण्यात अर्थ नाही. टँकरच्या दिवसांतही जगवता येतील इतकीच लावा. सोयाबीनच्या भुसकटाचं किंवा उसाच्या पाचटाचं तीन इंचांचं आच्छादन पाण्याची मोठी बचत करतं. ते बुंध्याला चिकटवू नका, वाळवी चढते.

वाणांत ‘अब्राहम डार्बी’ आणि ‘गोल्डन सेलिब्रेशन’ उन्हाला बरे. पिवळा ‘ग्रॅहम थॉमस’ आपल्याकडे वेलासारखा वर जातो, त्याला कमान द्या. ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ वर्षातून एकदाच फुलतो आणि त्यालाही कडक थंडी हवी, तो घेऊच नका. गडद लाल रंगांच्या पाकळ्या फेब्रुवारीपासून करपतात. निळ्या गुलाबाचा फोटो दाखवणाऱ्याकडून दुसरंही काही घेऊ नये. आणि बाजारासाठी दहा-वीस गुंठे लावायचा विचार असेल तर थांबा. या फुलाच्या पाकळ्या लवकर गळतात, हार-गुच्छाच्या बाजाराला ते चालत नाही.

रोग-कीड

डिसेंबर-जानेवारीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम पुरे, पण पारा 32 अंशांच्या वर असताना फवारू नका, पानं भाजतात. होळीच्या सुमारास फुलकिडे कळ्यांत शिरतात आणि गच्च पाकळ्यांमुळे औषध आत पोचत नाही. बाधित कळ्या तोडून नष्ट करणं आणि 5 टक्के निंबोळी अर्क आधीपासून देणं हाच उपाय. पुढे लाल कोळी येतो. त्यासाठी सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप, कितीही धुतला तरी, गुलाबाला वापरायचा नाही. कापसाची पानं भेंडीसारखी होतात ते आपण पाहतोच, गुलाबाचंही तेच होतं.

गुढीपाडव्यानंतर खत बंद, छाटणी बंद. आलेल्या कळ्या खुडून टाका आणि 50 टक्क्यांची शेडनेट बांधा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पानं रातोरात चाळणी झाली तर ते हुमणीचे भुंगे. रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन झाड हलवा, खाली रॉकेलच्या पाण्याचं घमेलं ठेवा. शेजारच्या कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्याही त्याच वेळी हलवा, कारण भुंग्यांचा मुक्काम तिथेच असतो.